चार भोकांची फटफटी

गोविंदराव टिल्लूंनी उभी हयात मेल गाड्या हाकल्या, पण स्वतःच्या हातानं गाडी कधी डावीकडे वळवली नाही की उजवीकडे. वाफेच्या इंजिनाला हँडल कुठलं? रूळ नेतील तिकडे जायचं, सिग्नल हात आडवा करील तिथं थांबायचं आणि अधूनमधून शिट्टी मारायची. झाशीहून वर निघाले की आग्रा, खाली निघाले की बीना. तिसरी दिशा त्यांच्या नशिबी नव्हती. फाटकापाशी खोळंबलेल्या बैलगाड्या दिसत, त्यांच्या मागे वाट्टेल तिकडे वळत गेलेले कच्चे रस्ते दिसत, आणि पथ्यावरचा माणूस शेजारच्या पानातल्या श्रीखंडाकडे बघतो तसे गोविंदराव इंजिनातून त्या रस्त्यांकडे बघत राहत.

त्यात त्यांची बायको बकुळ गुहागरची. रेल्वेच्या पासावर दोघांनी काशी केली, रामेश्वर केलं, पुरीच्या समुद्रात पाय बुडवून आले. गुहागर तेवढं राहिलं. कोकणात रूळच नव्हते. आणि बसचं म्हणाल तर बकुळताईंना बस लागायची, आणि तीही साधीसुधी नाही. एकदा कऱ्हाडहून निघाले होते, तर घाटाच्या पहिल्याच वळणावर ड्रायव्हरनं हात जोडून दोघांना खाली उतरवलं. ती बस म्हणे पुढे मोडीत निघेपर्यंत त्या वळणावर आपसूक थांबायची. तेव्हापासून बकुळताईंनी माहेराचं नाव काढणं सोडलं. गोविंदरावांनी मात्र सोडलं नाही.

"निवृत्त झालो की तुला उघड्यावरून नेईन," ते म्हणत. "तोंडावर वारा असला की मळमळत नाही."

"न्या," बकुळताई म्हणत, आणि वळून भाजी ढवळत. ते वळणं गोविंदरावांना दरवेळी दिसायचं.

निवृत्तीला थोडे महिने उरले असताना छावणीत जुन्या लष्करी सामानाचा लिलाव झाला आणि गोविंदरावांनी फटफटी घेतली. लढाई बघून आलेली, शेवाळी रंगाची, मागे ऐसपैस सीट, दोन्ही अंगांना पिशव्या अडकवायच्या कड्या. लांबच्या प्रवासासाठीच जन्माला आलेली. तिच्यात एकच अडचण होती, तिला हँडल होतं. पहिल्या दिवशी गोविंदराव तिच्यावर बसले, ती निघाली, पुढे रस्ता वळला आणि गोविंदराव भोंगा वाजवत सरळच गेले. वळणाचं काम रूळ करतील, ही जन्माची सवय. समोर जिलब्यांचं दुकान होतं. हलवाई शपथेवर सांगायचा, की साहेब कढईच्या अलीकडून आत शिरले आणि पलीकडून बाहेर पडले, तेव्हा फटफटीच्या दोन्ही चाकांत गरम जिलब्या विणलेल्या होत्या आणि वसाहतीतली कुत्री आठवडाभर तिच्या मागून हिंडत होती. पण गोविंदराव शिकले. पावसाळा सरेपर्यंत चांगलं वळू लागले.

राहिलं इंजिन. ते दमलेलं होतं. गुहागरपर्यंत जायचं तर त्यात सुधारणा हव्या होत्या, आणि सुधारणा म्हटलं की दिवाकर.

दिवाकर लोको शेडमधला फिटर. घराणं पेशव्यांच्या काळी झाशीत आलेलं, दतिया गेटपाशी राहणारं. घरात पळी-पंचपात्र जुनं मराठी आणि जिभेवर बुंदेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता तो मध्येच 'हो'च्या जागी 'हओ' म्हणायचा. त्याची आणि गोविंदरावांची दोस्ती शेडमधली, आणि शेडची एक रीत होती. फिटरनं इंजिन दुरुस्त केलं की पुढच्या लाल फळीवर खडूनं गोल काढायचा आणि गोलात आपली खूण करायची. दिवाकरची खूण म्हणजे मधोमध एक टिंब. ड्रायव्हरनं गोल बघायचा आणि चढायचं. काय केलंस, कसं केलंस, हे विचारायचं नाही. ते विचारणं म्हणजे फिटरच्या इमानावर बोट ठेवणं. ड्रायव्हरला इंजिन पसंतच नसेल तर त्यानं बाहीनं गोल पुसावा, एवढीच सोय होती. पण तसं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. गोविंदरावांनी दिवाकरच्या टिंबावर विसंबून हयातभर झोपलेल्या माणसांच्या गाड्या ओढल्या होत्या.

"गोविंदा, तू मेलवाला," फटफटीभोवती फिरत दिवाकर म्हणाला. "तुला वेग तेवढा दिसतो. मोठं कार्बोरेटर, चढं कॉम्प्रेशन, लांब गिअर, हेच मनात असणार तुझ्या."

"फटफटीच्या पुस्तकात तेच दिलंय."

"पुस्तकवाल्याची बायको मागे बसणार नाहीये. तुला घाट चढायचेत भैया, दोन माणसं आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन. मालगाडीचं इंजिन बघ. बुटकं, सावकाश, पण ओझं सोडत नाही."

हे गोविंदरावांना लगेच पटलं. मोटरसायकलबद्दल कुणी काही सांगितलं तर त्यांच्या डोक्यावरून जाई. तेच मालगाडीच्या इंजिनाच्या भाषेत सांगितलं की थेट काळजात.

मग सुधारणा सुरू झाल्या. दिवाकरनं आधी सिलिंडरखाली तांब्याची जाड चकती घातली, म्हणजे इंजिनाचा दाब उतरला.

"आता ही रॉकेलवरही चालेल," तो म्हणाला. "चालू पेट्रोलवर करायची, तापली की रॉकेल. कोकणात पेट्रोल कुठं शोधत बसशील? रॉकेल घराघरांत."

पुढचं दातेरी चक्र काढून त्यानं लहान बसवलं, त्यानं ओढ वाढली. आतलं फ्लायव्हील जड केलं, त्यानं धक्के गेले. हे सगळं गोविंदराव मान डोलावत बघत होते. प्रत्येक कामाच्या शेवटी दिवाकर टाकीवर खडूनं गोल काढी, मध्ये टिंब देई, आणि गोविंदराव तृप्त होऊन चहा सांगत.

मग एके दिवशी त्यानं इंजिनासमोर पत्र्याचा पंखा बसवला. बकुळताई चहा घेऊन आल्या होत्या. त्या पंख्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"भावजी, पंखा कशाला? गाडी पळेल तेव्हा वारा लागेलच की."

"उभी असेल तेव्हा, वहिनी."

"उभी असेल तेव्हा बंद असेल ना?"

दिवाकरनं चहाचा घोट घेतला. "फाटकापाशी उभं राहावं लागतं. रेल्वेच्या माणसाला मी काय सांगू."

गोविंदराव खदखदून हसले. बकुळताई हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी पंख्याशेजारी गव्हर्नर आला, म्हणजे ओझं कमी-जास्त झालं तरी इंजिनाचा वेग एकसारखा ठेवणारं गोळ्यांचं यंत्र. त्यानंतर डाव्या अंगाला लोखंडी पुली आली, चांगली परातीएवढी.

"ही?" बकुळताईंनी विचारलं.

"दिव्याचा डायनामो फिरवायला."

"एवढ्या पुलीवर दिवा लावला तर ओरछ्यापर्यंत उजेड पडेल."

"अगं, दिवाकर फिटर आहे," गोविंदराव म्हणाले. त्यांना शरम वाटली होती. मित्राच्या तोंडावर असं विचारणं म्हणजे हद्द झाली. "खडू बघ. गोल आहे ना?"

"गोल मला दिसतो हो. गाडीच दिसेनाशी झालीय."

सगळ्यात शेवटी दिवाकरनं इंजिनाखाली एक जाड पाट जोडला. लोखंडी, चौकोनी, चार कोपऱ्यांना चार भोकं. भोकं अशी सफाईनं पाडलेली, की बोट फिरवावं तर रेशमावर फिरतंय असं वाटावं.

"हे खास गुहागरसाठी," तो म्हणाला. "तिथं खाड्या आहेत. गाडी होडीत चढवावी लागेल. नावाडी दोर कुठं बांधणार? या चार भोकांतून घट्ट बांधायचं. लाट आली तरी हलायची नाही."

गोविंदरावांनी भोकांवरून बोट फिरवलं. ज्या खाडीत त्यांनी अजून पाऊल टाकलं नव्हतं, तिथल्या लाटेचा विचार या माणसानं दतिया गेटपाशी बसून केला होता. त्या संध्याकाळी त्यांनी बकुळताईंना चार-चारदा ऐकवलं. "होडीचासुद्धा विचार केलाय त्यानं. होडीचा. सख्खा भाऊ करणार नाही."

बकुळताई एवढंच म्हणाल्या, "त्यांनी समुद्र पाहिलाय कधी?"

आता फटफटी तयार झाली. ती सुरू केली की दोन ठोक्यांमध्ये माणसानं रामरक्षेचा एक श्लोक म्हणून घ्यावा इतकी शांत चाले. टुक, आणि मग बऱ्याच वेळानं टुक. ताकद मात्र अशी की चिखलात रुतलेली उसाची बैलगाडी बैलांसकट ओढून काढली, आणि बैल पुढे कित्येक दिवस मालकाकडे बघायला तयार नव्हते. पळायचं म्हणाल तर सायकलवाले तिला मागे टाकत आणि जाताना नमस्कार करत. गोविंदरावांना थोडं चमकल्यासारखं झालं, पण टाकीवर गोल होता, गोलात टिंब होतं.

"आधी चाचणी घेऊ," दिवाकर म्हणाला. "चिरगाँवला आमची शेती आहे. आमच्या यमुनावहिनी तिथंच असतात, जेवायला घालतील. मी पॅसेंजरनं पुढे होतो. तू बकुळवहिनींना बसवून ये."

कानपूरच्या रस्त्यानं गोविंदराव आणि बकुळताई निघाले. उन्हं कोवळी होती, रस्ता मोकळा होता. बकुळताईंना मळमळलं नाही, ही पहिली आनंदाची गोष्ट. वाटेत त्यांना सायकली मागे टाकून गेल्या, एक टांगा गेला, आणि शेवटी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी बराच वेळ बरोबरीनं चालत गप्पा मारत होती. तीही कंटाळून पुढे निघून गेली. गोविंदराव पाठ ताठ ठेवून होते. आयुष्यात पहिल्यांदा ते बायकोला स्वतःच्या हातानं वळवत नेत होते. डावीकडे वळण आलं, डावीकडे वळले. बकुळताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"अशीच जाऊ या," त्या कानाशी म्हणाल्या. "हळूच. काय घाई आहे."

शेतावर पोचले तेव्हा वाड्यापुढे माणसांची रांग लागली होती. प्रत्येकाच्या काखेत नाहीतर डोक्यावर धान्याचं पोतं. गव्हाची, चण्याची, ज्वारीची पोती. फटफटीचा टुक ऐकला आणि रांगेतला एकजण ओरडला, "काए, इंजन आ गओ!" माणसं हसत सरकली, वाट करून दिली. वाट सरळ एका नव्या पत्र्याच्या छपराखाली जात होती.

गोविंदरावांनी इंजिन चालूच ठेवलं आणि बघत राहिले.

छपराखाली पिठाची चक्की होती. नवी कोरी, वरचा दगड, खालचा दगड, धान्य ओतायचं लाकडी तोंड, सगळं जागच्या जागी. एका बाजूला चामड्याचा रुंद पट्टा लोंबत होता. पट्ट्याच्या दुसऱ्या टोकापाशी सिमेंटचा ओटा होता, आणि ओट्यातून चार बोल्ट वर आलेले होते. तेल लावून पुसलेले, चौकोनात.

यमुनावहिनी, दिवाकरची भावजय, हळदकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. त्यांना यातली लपवाछपवी माहीत असावी असं वाटेना. चेहरा निर्मळ आनंदाचा होता. "या हो, गोविंदरावभाऊ. तुमचे उपकार किती मानू. दिवाकरजी म्हणाले, मित्र स्वतःच आणून देणार आहे. आता मुलखातल्या बायकांचं दळणाचं दुखणं गेलं बघा." आणि त्यांनी पुढे होऊन टाकीवर कुंकू लावलं. अगदी खडूच्या गोलाशेजारी.

बकुळताई आधीच खाली उतरल्या होत्या. त्यांनी वाकून पाटाच्या भोकांकडे बघितलं, मग ओट्यावरच्या बोल्टांकडे, आणि बाजूला झाल्या. नवऱ्याला म्हणायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. त्यांनी त्यातलं एक अक्षरही काढलं नाही, आणि गोविंदरावांना तेच जास्त लागलं.

दिवाकर पाना हातात घेऊन ओट्यापाशी उभा होता.

"दिवाकर," गोविंदराव म्हणाले, "पंखा उभ्या इंजिनासाठी."

"हओ."

"रॉकेल दिवसभर दळायला. पुली पट्ट्यासाठी."

"गोविंदा, खाली उतर. पाणी घे आधी."

"भोकं होडीसाठी म्हणालास."

दिवाकरनं पाना या हातातून त्या हातात घेतला. रांगेतल्या माणसांना मराठी कळत नव्हतं, पण बाकी सगळं कळत होतं.

"खरं सांगू?" दिवाकर म्हणाला, आणि आवाजात राग नव्हता, समजावणी होती, लहान पोराची समजूत घालतात तशी. "तू गुहागरला जाणार नव्हतासच. तुला वळायला यायला पावसाळा लागला. जन्मभर रुळांवर चाललेला माणूस, निवृत्त झाल्यावर चार दिवस हौस करशील आणि गाडी अंगणात गंजत पडेल. मी म्हटलं, तोवर तिला कामाची करून ठेवू. तू कंटाळशील तेव्हा इथं उपयोगाला येईल. तुझंच नाव देणार होतो चक्कीला. यमुनावहिनींना विचार."

गोविंदरावांच्या मनात चक्कीचं काहीच नव्हतं. मागितली असती तर त्यांनी फटफटी देऊन टाकली असती, वर चहा पाजला असता. त्यांच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, तू जाणार नव्हतासच. म्हणजे ओसरीवर बसून घाट किती चढणीचा, बरण्या कुठं ठेवायच्या, पहिला मुक्काम शिवपुरीला की गुनाला, असं जे महिनोन्महिने चाललं होतं, त्यातला एक शब्दही या माणसानं खरा धरला नव्हता. गोविंदराव गुहागरला निघाले होते आणि समोरचा माणूस त्यांना हसत हसत सायडिंगला, आडबाजूच्या रुळावर, लावत होता. प्रत्येक वेळी खडूनं गोल काढून.

त्यांनी डाव्या हाताची बाही पुढे ओढली. दिवाकरला कळलं, शेडमधल्या माणसाला ते कळणारच. "गोविंदा, नको," तो म्हणाला. "चारचौघांत नको. काम खोटं नाहीये माझं."

गोविंदरावांनी बाहीनं टाकीवरचा गोल पुसला. आधी टिंब, मग कडा. कुंकू तेवढं राहू दिलं, कारण ते यमुनावहिनींचं होतं.

"बकुळ, बस," ते म्हणाले.

यमुनावहिनी ताट धरून तशाच उभ्या होत्या. दिवाकरचा पाना हातातून सुटून ओट्यावर पडला. फटफटीच्या मंद ठोक्यांमुळे तिथून निघून जायलाही फार वेळ लागला. रागावलेल्या माणसाला शोभेल अशा वेगानं जायची सोयच दिवाकरनं ठेवली नव्हती. रांगेतली माणसं कितीतरी वेळ त्यांची पाठ बघत उभी होती.

त्यानंतर गोविंदरावांनी फटफटीला कुणाला हात लावू दिला नाही. पुली काढा, पंखा काढा, असं शेडमधले लोक सांगत. ते ऐकून घेत. निवृत्तीच्या समारंभाला दिवाकर आला होता, मागच्या रांगेत बसला होता. गोविंदरावांनी त्याच्याकडून हार घालून घेतला, आणि घेताना त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या भिंतीकडे बघितलं. मग थंडी पडल्यावर एका सकाळी दोघं नवराबायको निघाले, तशीच पंखा-पुलीवाली फटफटी घेऊन, लोणच्याच्या बरण्या बांधून.

त्या प्रवासाच्या गोष्टी झाशीत अजून सांगतात. वेग असा की गुनाला पेटीत टाकलेलं पत्र त्यांच्याआधी इंदूरला पोचे. एका गावात लग्नघर होतं, गिरणी बंद पडलेली; गोविंदरावांनी पुलीला पट्टा लावला आणि अख्ख्या वऱ्हाडाचं दळण काढून दिलं, तर वरमाय नवरदेवापेक्षा फटफटीलाच ओवाळत बसली. धुळ्यापुढे म्हणे एक कासव त्यांच्या पुढे गेलं. पण ते कासव होतं की दगड, यावर सांगणाऱ्यांत मतभेद आहेत. एवढं मात्र सगळे कबूल करतात, की वाटेत फटफटी एकदाही बंद पडली नाही. एक बोल्ट ढिला झाला नाही, एक थेंब तेल गळलं नाही. घाटात तर ती अशी चढली, की मागे पुस्तकातल्या फटफट्या वाफ सोडत उभ्या आणि ही टुक, टुक करत ढगात.

तेच गोविंदरावांना सोसत नव्हतं. ती कुठं मोडली असती तर दिवाकरच्या नावानं शिमगा करता आला असता. पण प्रत्येक ठोक्यात त्याचा हात होता, नेमका आणि प्रामाणिक. एवढं चांगलं काम करणाऱ्या माणसानं असं करावं? चढावर बकुळताई मागून म्हणाल्या, "भावजींनी घाटाचं सांगितलं ते खोटं नव्हतं हो." गोविंदरावांनी भोंगा वाजवला. समोर रस्त्यावर कुणीही नव्हतं.

आणि मग दाभोळची खाडी आली. पलीकडे गुहागरचा रस्ता. खारा वारा सुटला होता, आणि बकुळताई कितीतरी दिवसांनी डोक्यावरचा पदर सोडून उभ्या होत्या. होडी लहान होती. चार माणसांनी फळीवरून फटफटी आत घेतली, तशी ती दोन्ही बाजूंना डोलायला लागली. नावाडी तिच्याभोवती दोर घेऊन फिरला, चाकाला बांधून बघितलं, हँडलला बांधून बघितलं, मान हलवली. मग तो खाली बसला आणि त्याला पाट दिसला.

"अहो," तो गोविंदरावांना म्हणाला, "ही भोकं कुणी पाडली हो? झकास काम केलंय. आमच्याकडे येतात त्या गाड्यांना असलं काही नसतं. बांधायचं कुठं, हाच दरवेळी प्रश्न."

त्यानं चारी भोकांतून दोर ओवला आणि होडीच्या चारी अंगांना ताणून बांधला. मध्यावर एक मोठी लाट आली; होडी उचलली, आपटली. बरण्या खणखणल्या. फटफटी जागची हलली नाही.

बकुळताई हसू लागल्या. आधी पदरात, मग उघड्यावर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "बघितलंत?" त्या म्हणाल्या. "बघितलंत का?"

गोविंदरावांनी बघितलं होतं. असलं काही घडलं की ते पहिल्यांदा कुणाला सांगायचं, हे त्यांच्या जिभेला जन्मभर पाठ होतं. ओसरीवर जायचं, चहा सांगायचा, आणि म्हणायचं, अरे, तुझी ती भोकं. जीभ उचललीही होती. मग ते पाटाशेजारी खाली बसले, एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि पलीकडचा किनारा येईपर्यंत पाण्याकडे बघत राहिले.